ख्रिस्ती घरासाठी चित्रपटाचं परीक्षण : पाहायचं कसं, लिहायचं काय

शुक्रवारी नवा चित्रपट लागतो आणि रविवारी मिस्सा किंवा उपासना आटोपली की चर्चच्या आवारात एकच प्रश्न फिरतो : "मुलांना घेऊन जाऊ का?" उत्तरंही ठरलेली. "काही नाही गं, बिनधास्त जा," नाहीतर "नको, घाणेरडा आहे." उत्तर देणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असतो, पण ऐकणाऱ्या आईबापांच्या हाती काहीच लागत नाही. घाणेरडा म्हणजे नेमकं काय? शिव्या आहेत, रक्तपात आहे, की एखादं गाणं? नऊ वर्षांच्या मुलाला नको, की चौदा वर्षांच्या मुलीलाही नको?

धर्मग्रामाच्या मासिकाला, मंडळीच्या वार्तापत्राला, तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला या प्रश्नांची नीट उत्तरं लिहून देणारं माणूस हवं असतं. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यासाठी सिनेमाचा अभ्यासक्रम केलेला असायला हवा असं नाही. बायबल वाचायची सवय, मुलांची काळजी आणि दोन-अडीच तास लक्ष देऊन बसायची तयारी एवढं पुरतं.

सिनेमाच पाहायचा नाही असं ठरवलेली घरं आपल्यात आहेत आणि त्यांच्या निर्णयाचा मान ठेवला पाहिजे. पण सिनेमा आणि आपली श्रद्धा यांचा काही संबंधच नाही, असं मात्र समजू नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो पाहतानाच आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असं त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या ध्यासातून आला. नंतरच्या काळात १९७८ चा तेलुगू 'करुणामयुडु' हिंदीत 'दयासागर' होऊन गावोगावी पडद्यावर दाखवला गेला, आणि कित्येकांना येशूची गोष्ट पहिल्यांदा तिथेच दिसली. पोप पायस अकरावे यांनी तर १९३६ मध्ये फक्त चित्रपटांविषयी 'व्हिजिलान्ती कुरा' हे परिपत्रक काढलं होतं.

आधी वाचक डोळ्यांपुढे आणा

परीक्षण कोणासाठी लिहायचं ते पहिल्यांदा ठरवा. वर्तमानपत्रातला समीक्षक तिकीट काढावं की नाही हे सांगतो. तुमचा वाचक आई, बाप, आजी किंवा संडे स्कूलची टीचर आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात : पडद्यावर काय दिसणार आहे, आणि घरी आल्यावर मुलांशी काय बोलायचं. अभिनय, छायाचित्रण, संगीत यांवर लिहू नये असं नाही, उलट जरूर लिहा. चांगली कारागिरी हीही देवाची देणगी आहे आणि ती ओळखता आली पाहिजे. पण या दोन गरजा आधी भागल्या पाहिजेत.

वयोगट डोक्यात ठेवून लिहा. "लहान मुलांसाठी नाही" हे वाक्य फार ढोबळ आहे. सात वर्षांचं मूल अंधार, भूत आणि आईपासून ताटातूट यांना घाबरतं. तेरा-चौदा वर्षांचं मूल त्याला हसतं, पण नायक मुलीच्या मागे कसा लागतो हे मनात टिपून ठेवतं. दोघांचे धोके वेगळे आहेत.

प्रमाणपत्र वाचायला शिका

आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याचं नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली ते प्रमाणपत्र देतं. 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त १८ वर्षांपुढच्यांसाठी. मधल्या 'यूए'चा अर्थ पूर्वी 'बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा' एवढाच होता. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे तीन भाग झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. जुन्या चित्रपटांवर अजून नुसतं 'यूए' दिसेल.

इथे बरेच पालक फसतात. 'ए' ही बंदी आहे, थिएटरवाल्याने मुलाला आत सोडायचं नसतं. 'यूए' ही बंदी नव्हे, तो पालकांना दिलेला सल्ला आहे. यूए १६+ चित्रपटाला तुम्ही दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर तिकीट मिळेल. निर्णय तुमच्यावर सोडलेला असतो, आणि तो घेण्यासाठीच तुमच्या परीक्षणाची गरज आहे.

ओटीटीवर मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार कंपनी स्वतःच वयोगट ठरवते, सुरुवातीला हिंसा, भाषा, नग्नता असे इशारे दाखवते आणि १३+ व त्यापुढच्या मजकुराला पालकांसाठी लॉकची सोय ठेवते. तो लॉक किती घरांत लावलेला असतो हा वेगळाच प्रश्न. परीक्षणाच्या शेवटी लॉक कसा लावायचा ते दोन ओळींत सांगितलंत तर कित्येक घरांचं भलं होईल.

आणखी एक : आपण कोणती आवृत्ती पाहिली ते लिहा. टीव्हीवर येताना दृश्यं कापली जातात, शिव्यांवर आवाज टाकला जातो, डबिंगमध्ये संवाद मवाळ होतात. तुम्ही टीव्हीवर पाहून "काही आक्षेपार्ह नाही" असं लिहिलंत आणि वाचकाने तोच चित्रपट ओटीटीवर मुलांसमोर लावला, तर त्याची पंचाईत होणार.

पाहताना

चित्रपट पूर्ण पाहा. ट्रेलरवरून, कोणी पाठवलेल्या मेसेजवरून किंवा 'ख्रिस्ती लोकांची बदनामी करणारा सिनेमा, बहिष्कार घाला' अशा फॉरवर्डवरून एक ओळही लिहू नका. 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा, कॅथलिक तिला आठवी म्हणोत की प्रोटेस्टंट नववी, दिग्दर्शकालाही लागू होते. तोही आपला शेजारीच.

जमलं तर दोनदा पाहा. पहिल्यांदा सगळ्यांसारखं, हसत-रडत. दुसऱ्यांदा वही घेऊन. थिएटरात दुसऱ्यांदा जाणं परवडत नसेल तर बाहेर आल्या आल्या, रिक्षात बसायच्या आत, आठवेल ते लिहून काढा. चहा पिऊन झाल्यावर निम्मं गेलेलं असतं.

वहीत मतं लिहू नका, घडलं ते लिहा. "हिंसा फार" ही नोंद निरुपयोगी आहे. कोण कोणाला मारतं, किती वेळ, पडद्यावर की पडद्याबाहेर, समोर मूल आहे का, मारणाऱ्याचा चेहरा कसा दाखवलाय, असं लिहा. दारूचा प्रसंग असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवली का ते पाहा. प्रेमप्रसंग असेल तर मुलगी 'नाही' म्हणते तेव्हा चित्रपट तिचं ऐकतो, की 'नाही म्हणजे हो' असा अर्थ काढतो? लांबलेल्या चुंबनापेक्षा ही गोष्ट मला जास्त घातक वाटते.

आणि थिएटरात असाल तर कान उघडे ठेवा. टाळी कुठे पडते, शिट्टी कुठे वाजते ते टिपा. चित्रपटाला आपल्याकडून काय हवंय हे टाळीच्या जागेवरून कळतं. नायकाने माफ केलं म्हणून टाळ्या पडल्या, असं किती वेळा होतं? आणि खलनायकाला चिरडलं म्हणून? ही नोंद वहीत असली की परीक्षणाचा अर्धा भाग तयार.

बारावा अध्याय

आता मुख्य गोष्ट. नवीन लिहिणारे बहुतेक जण पापांची मोजदाद करतात : शिव्या इतक्या, चुंबनं इतकी, खून इतके. मोजदाद उपयोगी आहे, पण परीक्षण तेवढ्याने होत नाही. याच पट्टीने मोजायचं तर बायबलचा कितीतरी भाग मुलांपासून लपवावा लागेल.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११ वा अध्याय काढा. दावीद राजा गच्चीवरून आंघोळ करणारी बाई पाहतो, तिला बोलावून घेतो, तिला दिवस जातात. मग तो तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत सर्वांत पुढे उभं करून मारवतो. व्यभिचार, कपट, खून सगळं आहे. पण शास्त्र तिथे थांबत नाही. १२ व्या अध्यायात नाथान येतो, गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, राजा संतापतो आणि नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." पाप दाखवणं वेगळं आणि पापाला नाव न देता पुढे जाणं वेगळं. म्हणून प्रत्येक चित्रपटाला हा प्रश्न विचारा : याला बारावा अध्याय आहे का? आणि असलाच तर नाथानाचं बोलणं चित्रपट खरं मानतो का?

उदाहरण म्हणून 'दृश्यम' घेऊ, कारण तो बहुतेक मराठी घरांत पाहिला गेलाय आणि सगळे त्याला 'फॅमिली पिक्चर' म्हणतात. निशिकांत कामतांचा हिंदी चित्रपट २०१५ चा, गोव्यात घडणारा. मूळ मल्याळम चित्रपट जीतू जोसेफ यांचा, २०१३ चा. मल्याळममध्ये नायक जॉर्जकुट्टी आहे, म्हणजे हे आपल्यासारखंच ख्रिस्ती घर. हिंदीत तो विजय साळगावकर झाला.

गोष्ट अशी : थोरल्या मुलीचा आंघोळ करतानाचा व्हिडिओ चोरून काढलेला एक मुलगा तिला धमकावतो. रात्री घरी येऊन आईपुढेही घाणेरडी मागणी करतो. झटापटीत मुलीच्या हातून तो मरतो. घरच्यांनी कट केलेला नव्हता, जीव घ्यायचा हेतूही नव्हता. इथपर्यंत प्रेक्षकाची सहानुभूती पूर्णपणे या आई-मुलींकडे असते आणि ती योग्यच आहे. पुढे बाप काय करतो? प्रेत लपवतो आणि एक खोटा दिवस रचतो. घरच्यांना घेऊन पणजीला सत्संगाला जातो, हॉटेलात राहतो, सिनेमा पाहतो, आणि हे सगळं आदल्या दिवशी घडलं असं लोकांच्या स्मरणात बसवतो. मल्याळममध्ये सत्संगाच्या जागी ख्रिस्ती ध्यानशिबिर आहे. ख्रिस्ती वाचकाने इथे थबकायला हवं : प्रार्थनेची जागा खोट्या साक्षीसाठी वापरली जाते.

मग तो बायकोकडून आणि दोन्ही मुलींकडून खोटं बोलण्याची तालीम करून घेतो. धाकटी अनू शाळकरी पोर आहे. ती घाबरलेली असते, बाप तिला धीर देतो आणि काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा घोकून घेतो. दृश्य इतकं मायेने घेतलंय की आपल्या घशात आवंढा येतो. पोलिसांची फजिती होते तेव्हा थिएटरात टाळ्या पडतात, आणि त्या बापाच्या हुशारीला असतात.

म्हणजे हा चित्रपट वाईट आहे का? मला तसं म्हणायचं नाही. पटकथा घट्ट आहे, मेलेल्या मुलाच्या आईचं दुःख खरं आहे आणि पोलिसी बळाचा दुरुपयोग डोळ्यांत अंजन घालणारा आहे. बारावा अध्यायही थोडासा आहे : शेवटाकडे विजय त्या मुलाच्या आईबापांसमोर हात जोडतो. २०२२ च्या हिंदी दुसऱ्या भागात त्या रात्रीची भीती सात वर्षांनीही थोरल्या मुलीला सोडत नाही. पोलिसांच्या नुसत्या चाहुलीने तिचा जीव घाबराघुबरा होतो. लपवलेल्या गोष्टीचं ओझं मुलं वाहतात हे तिथे दिसतं. तरी दोन्ही वेळा शेवटी जिंकते ती बापाची युक्तीच. नाथान दारापर्यंत येतो, पण त्याला आत घेतलं जात नाही.

परीक्षणात हेच लिहायचं : चित्रपट उत्तम, बापाची माया खरी, पण ती माया मुलांना खोटं शिकवते आणि चित्रपट आपल्याला त्याबद्दल टाळ्या वाजवायला लावतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर पाहावा आणि त्यावर बोलावं. शेवटी काय उघड होतं हे मात्र लिहू नये. मी इथेही लिहिलेलं नाही. वाचकाला निर्णयासाठी लागणारी माहिती द्यायची आणि गोष्टीतली गंमत त्याच्यासाठी राखायची, हे दोन्ही जमतं.

मजकुराची माहिती : साध्या, नेमक्या शब्दांत

"अश्लील दृश्यं आहेत" असं लिहिलं की आजी दचकते, पंधरा वर्षांच्या मुलाचं कुतूहल वाढतं आणि आईला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'दृश्यम'साठी असं लिहिता येईल :

"मुलीचा चोरून काढलेला व्हिडिओ आणि त्यावरून दिलेल्या धमक्या हा कथेचा गाभा आहे. एक मृत्यू आणि प्रेत लपवणं. पोलीस चौकशीत घरच्यांना, लहान मुलीलाही, मारहाण होते आणि ती पडद्यावर दिसते. दहा वर्षांखालच्या मुलांना हा भाग सोसणार नाही. मुली मोबाइल वापरत असतील तर पालकांनी आधी स्वतः पाहून घ्यावा."

पाच वाक्यं, एकही विशेषण भडक नाही. भडक शब्द टाळा, शिव्या अक्षरशः छापू नका, दृश्याचं इतकं वर्णन करू नका की वाचणाऱ्याच्या मनात तेच उभं राहील.

गाण्यांकडे जास्त लक्ष द्या. चित्रपट दोन आठवड्यांत उतरतो, गाणं वर्षभर हळदीला, गणपतीत, लग्नाच्या वरातीत आणि आपल्या नाताळच्या गॅदरिंगलाही वाजत राहतं. ज्या मुलांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही त्याचे शब्द पाठ असतात. बाईला दारूची, तंदुरीची, बिडीची उपमा देणारं गाणं असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे गॅदरिंगचा नाच बसवणाऱ्या टीचरला आधीच कळेल.

ज्या पापांची नोंद आपण घेत नाही

आपल्या घरांत चुंबन आलं की रिमोट शोधला जातो. सूड आला की कोणी हलत नाही. पण पौल रोमकरांस स्पष्ट लिहितो की सूड उगवणं प्रभूचं काम आहे, आपलं नव्हे. गेल्या काही वर्षांतले मोठे गल्लाभरू चित्रपट पाहा, त्यांतले कितीतरी सूडावर उभे आहेत, आणि नायक जितका क्रूर तितकी शिट्टी मोठी. हे लिहिलंच पाहिजे.

तसंच पैशाचा माज, नोकराला दिलेली वागणूक, जाड्या, काळ्या, तोतऱ्या माणसाची केलेली टर, बायकोवर उगारलेला हात, जातीवरून मारलेला टोमणा. यांतलं काहीही प्रमाणपत्र देताना फारसं अडत नाही, पण मुलं शाळेच्या मैदानात नेमकं हेच वापरतात. निराधार बायकांना आसरा देणारं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन ज्या भूमीत उभं राहिलं, तिथल्या ख्रिस्ती परीक्षकाने बाईचा पडद्यावरचा अपमान 'विनोदी प्रसंग' म्हणून सोडून देऊ नये.

देवधर्माचे चित्रपट आणि शेजाऱ्यांचे देव

विषय पवित्र असला म्हणजे चित्रपट आपोआप मुलांसाठी योग्य ठरत नाही. मेल गिब्सन यांचा २००४ चा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' उपवासकाळात अनेक ठिकाणी दाखवला जातो. येशूला फटके मारण्याचं दृश्य त्यात इतकं दीर्घ आणि रक्तबंबाळ आहे की अमेरिकेत त्याला 'आर' श्रेणी मिळाली, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. ख्रुसाच्या वाटेवर मन एकाग्र करणाऱ्या प्रौढाला तो हलवून सोडेल, पण पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांना तो सरसकट दाखवू नये असं माझं ठाम मत आहे.

याउलट, आरती, वारी, दर्गा किंवा पुनर्जन्म दिसला की ते 'आक्षेपार्ह मजकूर' म्हणून खून-मारामारीच्या यादीत टाकायचं नाही. त्याने शेजाऱ्याचा अपमान होतो आणि मुलांना चुकीची शिकवण मिळते. कथेत काय आहे ते आदराने सांगा आणि आपला विश्वास कुठे वेगळा आहे ते घरी बोलायच्या प्रश्नांत ठेवा. पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याने तिथल्याच कवींच्या ओळी घेऊन आपलं म्हणणं मांडलं होतं. जादूटोणा आणि करणी मात्र वेगळी गोष्ट. भुताखेताचा खेळ गंमत म्हणून दाखवला असेल तर तसं नोंदवा, लहान मुलांची झोप उडते हेही नोंदवा.

आपली माणसं पडद्यावर

ख्रिस्ती पात्र आलं की परीक्षकाने सावध व्हावं, चिडू नये. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस बहुधा गोव्याचा किंवा वांद्र्याचा, मोडकं हिंदी बोलणारा, हातात बाटली असलेला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी देशी दारूचा अड्डा चालवतो, कमाईत येशूला भागीदार मानतो आणि नशेत आरशातल्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो. तो लाडका आहे, दिलदार आहे, आणि तरी तो एक ठसा पाडून गेला. १९७९ च्या 'बातों बातों में'मध्ये बासू चॅटर्जींनी वांद्र्याची साधी नोकरदार ख्रिस्ती माणसं दाखवली, लोकलने कामाला जाणारी, लग्नाला घाबरणारी. फरक लक्षात येईल. वसईचा शेतकरी ख्रिस्ती किंवा नगरचा मराठी बोलणारा पाळक पडद्यावर क्वचितच भेटतो, तो भेटला तर आवर्जून लिहा.

पात्र पापी आहे म्हणून बदनामी होत नाही. प्रश्न असा विचारा : हे माणूस आहे, की फक्त गळ्यातला क्रूस? धर्मगुरू दाखवले असतील तर तपशील तपासा. कन्फेशनमध्ये ऐकलेलं गुपित फादर पोलिसांना सांगताना दिसले, तर ती चूक दाखवून द्या. कॅथलिक चर्चमध्ये ती गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही.

निकाल आणि विवेक

नुसते तारे देऊन थांबू नका. अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झालेली 'लीजन ऑफ डिसेन्सी' नावाची कॅथलिक चळवळ चित्रपटांना ए, बी, सी अशा श्रेणी द्यायची, सी म्हणजे निषिद्ध. तिचा दबदबा मोठा होता, पण अक्षर वाचून माणसाला विचार करायची सवय लागत नाही. त्यामानाने १९९५ मध्ये सिनेमाच्या शंभरीनिमित्त व्हॅटिकनने काढलेली ४५ चित्रपटांची यादी पाहण्यासारखी आहे. धर्म, मूल्यं आणि कला असे तिचे तीन भाग. मूल्यांत ॲटनबरोंचा 'गांधी' आहे. धर्माच्या भागात पासोलिनींचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा चित्रपट आहे, आणि पासोलिनी स्वतः नास्तिक, मार्क्सवादी होते. चांगलं कुठेही सापडलं तरी ते चांगलं म्हणावं, हे धैर्य नवीन परीक्षकाकडे हवं.

माझी पद्धत अशी, हवी तर घ्या : कारागिरीबद्दल एक वाक्य, घरासाठी एक वाक्य, आणि दोन्ही वेगवेगळी. "चित्रपट म्हणून बेतास बात, पण सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखा" किंवा "अप्रतिम, पण मोठ्यांसाठी." दोन्ही एकत्र केलं की फसगत होते.

आणि 'ख्रिस्ती माणसाने हा चित्रपट पाहूच नये' असं वाक्य जपून वापरा. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात खाण्यापिण्यावरून एकमेकांना दोष देऊ नका असं पौल सांगतो, आणि त्याच दमात दुसऱ्याला अडखळण होऊ नका असंही सांगतो. व्यसनातून बाहेर येणाऱ्या भावाला दारूचं लांबलचक दृश्य जड जाईल, हे तुमच्या-माझ्या लक्षातही येणार नाही. म्हणून मजकुराची माहिती सगळ्यांसाठी लिहा आणि निर्णय ज्याच्या त्याच्या घरावर सोडा.

घरी बोलायचे प्रश्न

हा भाग लोक कंटाळून वगळतात, पण सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो. तीन प्रश्न पुरे, आणि उत्तर आधीच ठरलेलं असेल असे नकोत. "खोटं बोलणं वाईट आहे ना?" हा प्रश्न नव्हे. मूल मान डोलावतं आणि मोबाइल उचलतं.

'श्वास'चं उदाहरण घ्या. संदीप सावंत यांचा हा २००४ चा मराठी चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, शहरात डॉक्टरकडे आणतात. डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे जाणार. आणि शस्त्रक्रियेआधी मुलाला खरं सांगितलंच पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. एकही ख्रिस्ती पात्र नाही, पण खरं आणि माया एकाच ओंजळीत कशी धरायची याचा यासारखा धडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. प्रश्न असे काढता येतील : परशाला कधी सांगायला हवं होतं? तू परशा असतास तर कोणाकडून ऐकायला आवडलं असतं? आजोबा त्याला जग दाखवायला घेऊन गेले, तुझ्यासाठी आपण काय काय पाहिलं असतं? थोड्या मोठ्या मुलांच्या वर्गात 'श्वास' आणि 'दृश्यम' एकापाठोपाठ एका महिन्यात दाखवा. दोन्हीकडे मुलांवर जीव टाकणारी माणसं आहेत. एकाला मुलाला खरं सांगायचंय, दुसऱ्याला मुलांकडून खोटं वदवून घ्यायचंय. वर्ग आपोआप बोलू लागतो.

पाठवण्याआधी

लांबी चारशे-पाचशे शब्द ठेवा. क्रम असा बरा पडतो : चित्रपटाचं नाव, वर्ष, भाषा, प्रमाणपत्र, कुठे पाहिला, गोष्ट चार ओळींत, मध्यंतराच्या पुढे न जाता, मग बारावा अध्याय, मग मजकुराची माहिती वयोगटाप्रमाणे, शेवटी दोन वाक्यांचा निकाल आणि तीन प्रश्न. शास्त्रवचन एकच घ्या आणि ते खरोखर त्या चित्रपटाला लागू पडणारं असू द्या. प्रत्येक परीक्षणाला फिलिप्पैकरांस ४:८ ('जे जे सत्य, जे जे शुद्ध त्याचं मनन करा' हे वचन) चिकटवलं तर वाचक ते वाचेनासा होतो.

कलाकारांची, दिग्दर्शकाची नावं आणि पात्रांची नावं पुन्हा तपासा. मग मसुदा अशा एका व्यक्तीला वाचायला द्या जिने चित्रपट पाहिलेला नाही आणि जिच्या घरी शाळकरी मुलं आहेत. तिला एकच विचारा : "आता तुला ठरवता येईल?" ती उलट प्रश्न विचारू लागली तर त्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात घाला आणि मगच संपादकांकडे पाठवा.